मुदत, मुदतवाढ आणि मागे राहिलेले

सरकारी नोकरीत वीसेक वर्षे काढली की माणूस 'तात्पुरते' आणि 'मुदत' या दोन शब्दांना हसायचे सोडून देतो. आमच्या कचेरीच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. जुनी दप्तरे ठेवायला सहा महिन्यांपुरती म्हणून ती उभारली, तेव्हा मी नोकरीत नवाकोरा होतो. शेडचे पत्रे आजवर दोनदा बदलले, दारापुढे कोणीतरी लावलेला शेवगा आता शेंगा देतो, आणि फाइलीत ती अजून 'तात्पुरती व्यवस्था' आहे! दर वर्षी मार्चमध्ये मीच टिपणी लिहितो: 'मुदतवाढ मिळावी, ही विनंती.' वरून एक सही येते, आणि शेड आणखी एक पावसाळा काढते.

आता या शेडचा आणि युद्धाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

गेल्या महिन्यात मामांच्या वर्षश्राद्धाला चंदगडकडच्या आमच्या आजोळी गेलो होतो. मामा मराठा पलटणीत हवालदार होते. बेळगावच्या सेंटरमध्ये भरती झाले, देशभर फिरले, आणि १९८८-८९ ची दोन वर्षे श्रीलंकेत होते. जेवणे झाल्यावर मामींनी त्यांची ट्रंक उघडली. पदके, पेन्शनची कागदपत्रे, एक गंजका वस्तरा आणि फोटोंचे पाकीट. त्यातल्या एका फोटोत मामा आणि त्यांचे तीन सोबती वाळूच्या पोत्यांपुढे उभे आहेत, आणि त्यांच्या मधोमध सतरा-अठरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा. पायात चप्पल, अंगात आपल्याच कोणाचा तरी ढगळ शर्ट. हा पोरगा मला ऐकून माहीत होता. जाफन्याकडच्या कुठल्याशा छावणीत तो दुभाष्याचे काम करायचा. त्याला थोडे इंग्रजी यायचे. मराठीतले 'चहा', 'बस' आणि एक शिवी मामांनी शिकवली होती. मामांकडून जाफन्याची हकीकत फार कधी निघाली नाही, पण जेव्हा निघाली तेव्हा शेवट एकच असे. "आमी आलो बाबू, पोरगं थितंच राहिलं."

हे एक वाक्य सोडले तर त्यांनी कधी कोणाला दोष दिला नाही. सरकारला नाही, साहेबांना नाही, वाघांनाही नाही.

युद्धातून सैन्य परत आणण्यासाठी आधी तारीख ठरवावी की न ठरवावी, हा वाद फार जुना आहे. वर्तमानपत्रांत तो बहुतेक वेळा अमेरिकेच्या नावाने येतो: आधी व्हिएतनाम, मग इराक, मग अफगाणिस्तान. आपल्याकडचे विद्वानही तो तसाच मांडतात, जणू आपला त्याच्याशी काही संबंधच नाही. पण हा वाद आपण स्वतः करून बसलो आहोत, आणि तोही भर चौकात. फक्त आपल्याला तो आठवायला नको असतो.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका सिंहली नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता राजीव गांधींवर उगारला, ते चित्र अनेकांना आठवत असेल. मी तो करार मुद्दाम मिळवून वाचला. धंदाच कागद वाचण्याचा असल्यामुळे मला त्यात वेगळेच काही दिसले. तो करार मुदतींनी भरलेला आहे. सह्या झाल्यापासून ४८ तासांत लढाई थांबायची. ती थांबल्यापासून ७२ तासांत तामिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवायची. पूर्वेकडच्या प्रांताला उत्तरेशी जोडलेले राहायचे आहे की नाही, याचे सार्वमत ३१ डिसेंबर १९८८ पर्यंत घ्यायचे. मात्र राष्ट्राध्यक्षांना ते पुढे ढकलता येईल. शेवटचे कलम वाचले आणि मला आमची शेड आठवली. ते सार्वमत पुढे ढकलले गेले, पुन्हा ढकलले गेले, आणि कधीच झाले नाही.

भारतीय सैन्याचा उल्लेख कराराच्या जोडपत्रात आहे. गरज पडल्यास राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतील, एवढेच. ती कधी परतेल, काय झाले म्हणजे काम संपले म्हणायचे, यावर एक ओळ नाही. बंदुका खाली ठेवायला ७२ तास, आणि बंदुका घेऊन गेलेल्यांना मुदतच नाही! असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर 'त्रुटी' असा शेरा मारून मी तो परत पाठवला असता. अर्थात माझ्या टेबलावर असले कागद येत नाहीत, ते बरेच आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, किंवा असायला हवे. शस्त्रे नावापुरती खाली आली. ऑक्टोबर १९८७ मध्ये ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्यातल्याच वाघांशी आपली लढाई जुंपली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस तिथेच पडले. मुंबईत जन्मलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला मारले गेले. मरणोत्तर परमवीरचक्र. जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले. तेही त्याच ऑक्टोबरात. दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात, असे मला वाटते. एक सांगून दुसरी गाळणारी माणसे मला पटत नाहीत. ज्यांना खोलात जायचे असेल त्यांनी लेफ्टनंट जनरल सरदेशपांडे यांचे 'असाइनमेंट जाफना' वाचावे. तिथे डिव्हिजन सांभाळलेल्या माणसाचे ते पुस्तक आहे.

एकूण सुमारे बाराशे भारतीय सैनिक त्या बेटावर गेले. 'गेले' म्हणजे वारले. मराठीत हा शब्द किती सोयीचा आहे!

मग प्रेमदासा आले. जानेवारी १९८९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १ जून १९८९ ला त्यांनी जाहीर सभेत सांगून टाकले, की २९ जुलैपर्यंत भारतीय सैन्याने देश सोडावा. कराराचा दुसरा वाढदिवस! दिल्लीला ते फार लागले. राजीव गांधींचे म्हणणे असे, की कराराप्रमाणे तामिळांना अधिकार मिळाले, त्यांच्या सुरक्षिततेची हमी मिळाली, की आम्ही निघू. म्हणजे एकाकडे तारीख होती आणि दुसऱ्याकडे अट. दोन महिने पत्रापत्री चालली. अगदी शेवटच्या घटकेला, २८ जुलैला, थोड्या तुकड्या परत पाठवायचे ठरले आणि दोघांचीही अब्रू राहिली. सप्टेंबरमध्ये नवा करार झाला: वर्षअखेरपर्यंत सगळे परत. दिल्लीत सरकार बदलले, विश्वनाथ प्रताप सिंग आले, आणि २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासला तिच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तामिळांना मारून आलेल्या सैन्याचे स्वागत कसे करू, असा त्यांचा प्रश्न होता. मामा त्याच्या आधीच परतले होते, पण ही बातमी त्यांना कळली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, असे मामी सांगतात.

आता यात कोण बरोबर? लहानपणी आमच्या घरी बाबा म्हणायचे, प्रेमदासा कृतघ्न. मोठा झाल्यावर मला वाटू लागले, घर त्याचे, तो म्हणतो जा, तर जायला हवे. पाहुण्याने 'तुमची मुले मार्गी लागली की निघतो' म्हणून ओसरीवर मुक्काम ठोकायचा नसतो. आजही माझे मत तेच आहे. निघणे बरोबर होते, आणि तारीख धरून निघणेही बरोबर होते. कारण अटीवर टेकलेले निघणे कधी होत नाही. तामिळांना न्याय मिळेपर्यंत थांबायचे म्हटले असते तर आपण आजही तिथेच असतो.

पण हे बोलताना तो फोटो समोर येतो.

आपण निघायच्या तयारीला लागलो तेव्हा आपल्या बाजूने उभा राहिलेला एक गट होता: ईपीआरएलएफ. त्यांचे वरदराज पेरुमाळ ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री होते. आपल्यामागे त्यांचे रक्षण व्हावे म्हणून आपल्या आशीर्वादाने 'तामिळ नॅशनल आर्मी' नावाचे दल उभे करण्यात आले. त्यात माणसे कुठून आणणार? शाळकरी पोरे रस्त्यावरून, घरांतून उचलली. थोडेसे शिकवले, हातात बंदुका दिल्या. तिकडे प्रेमदासांनी भारतीय सैन्याला हुसकण्यासाठी चक्क वाघांनाच शस्त्रे पुरवली. आपण पूर्वेकडचा एकेक भाग मोकळा करत गेलो, आणि आपल्या पाठोपाठ वाघ त्या पोरांच्या छावण्यांवर तुटून पडत गेले. किती पोरे मेली, याचा हिशेब आपल्या कुठल्याच स्मारकावर कोरलेला नाही. पेरुमाळ १ मार्च १९९० ला एक स्वातंत्र्याची घोषणा करून भारतात निघून आले. काही कुटुंबांना जहाजाने आणले, त्यांतल्या काहींची सोय ओडिशात लावली. जूनमध्ये वाघांनी प्रेमदासांशीही युद्ध सुरू केले आणि पूर्वेकडे शरण आलेल्या शेकडो पोलिसांना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात ईपीआरएलएफचे पद्मनाभ मद्रासमध्ये मारले गेले. १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधी. १९९३ च्या मे महिन्यात प्रेमदासा. तारखेवरून भांडणारे दोघेही त्याच वाघांच्या हातून गेले.

तर सांगायचे ते हे, की चूक तारीख ठरवण्यात नव्हती. ती ठरवताना आपल्या भरवशावर कोण उभे आहे, याची यादी कोणी केली नाही, ही चूक. सैन्याच्या प्रत्येक ट्रकची, प्रत्येक तोफेची, पाण्याच्या टाकीचीसुद्धा यादी झाली असणार. सैन्याचे कारकून आमच्यापेक्षा काटेकोर असतात. फक्त दुभाष्यांची झाली नाही.

आता कोणी म्हणेल, तारीखच नको. जिंकेपर्यंत लढावे, नाही तर मरावे. या मताचे काय होते ते आम्हा गोवेकरांना दुसऱ्या कोणी सांगायला नको. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा सरहद्दीवर उभ्या असताना लिस्बनहून सालाझारची तार आली: शरणागती नाही, युद्धकैदी नाहीत, सैनिक एक तर विजयी, नाही तर मृत. इथे होते तीन-चार हजार सैनिक आणि थोडा दारूगोळा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने ती तार बाजूला ठेवली आणि १९ तारखेला शरणागतीवर सही केली. आमची जुनी देवळे, इगर्जी, पणजीची घरे आणि असंख्य माणसे शाबूत राहिली, त्यात त्या आज्ञाभंगाचा वाटा आहे. बक्षीस म्हणून त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले. युद्धकैदी झालेले पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत इथल्या छावण्यांत बसून राहिले. त्यांना परत घ्यायला त्यांच्याच सरकारला घाई नव्हती. (आमच्याकडे लष्करी अंमल मात्र जून १९६२ मध्ये संपला. जनरल कँडेथ गेले, नागरी कारभार आला. सहा महिन्यांत संपलेली 'तात्पुरती व्यवस्था' गोव्याच्या इतिहासात बहुधा ही एकच असावी!)

गोव्यात हात पोळूनही पोर्तुगाल शहाणा झाला नाही. अंगोला, गिनी आणि मोझांबिक या तिन्ही ठिकाणी मिळून तेरा वर्षे त्याने बिनतारखेचे युद्ध चालवले. गावेच्या गावे तरुण पोरे सक्तीच्या लष्करी नोकरीला नाही तर पळून फ्रान्सला गेली. जनरल स्पिनोलाने १९७४ च्या फेब्रुवारीत पुस्तक लिहून सांगितले, की हे युद्ध बंदुकीने सुटणारे नाही. दोन महिन्यांनी, २५ एप्रिलला, सैनिकांनी सरकारच उलथले. वरून तारीख येत नाही म्हटल्यावर खालून आली, आणि खालून आलेली तारीख फार घाईची असते. अंगोलाला ११ नोव्हेंबर १९७५ ही तारीख मिळाली. आदल्या दिवशी लुआंडातल्या पोर्तुगीज उच्चायुक्ताने 'अंगोलाच्या जनते'कडे सत्ता सोपवली, कारण सत्ता नेमकी कोणाकडे द्यायची याचाच पत्ता नव्हता, आणि तो जहाजात बसला. तिथले यादवी युद्ध २००२ मध्ये संपले. गिनीत पोर्तुगालच्या बाजूने लढलेले काळे कमांडो मागेच राहिले. नव्या राजवटीने त्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या. म्हणजे तारीख नसली तरी मागे राहणारा राहतोच. उलट त्याला आधी कळतही नाही.

१५ ऑगस्ट २०२१. रविवार होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर पहिल्यांदाच आजोळी गेलो होतो. सकाळी लाल किल्ल्यावरचे भाषण झाले आणि दुपारपासून टीव्हीवर काबूल सुरू झाले. दुसऱ्या दिवशी ते विमान दिसले. धावपट्टीवरून निघालेले, आणि त्याच्या अंगाखांद्यावर मुंग्यांसारखी माणसे. मामा खुर्चीतून उठले, चप्पल घातली आणि गोठ्याकडे गेले. गोठ्यात तेव्हा एकही जनावर नव्हते. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेलो, तर रिकाम्या दावणीवर बसलेले. मला पाहून म्हणाले, "यांनी तर तारीख आधी सांगितली होती नव्हं?"

सांगितली होती. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. ओबामांनी १ डिसेंबर २००९ च्या भाषणात एकाच दमात सांगितले, की आणखी ३०,००० सैनिक पाठवतो आणि जुलै २०११ पासून परत आणायला लागतो. आजारी माणसाला औषध लिहून देतानाच 'हे बंद कधी करायचे' त्याचा दिवसही लिहावा, आणि आजार कोणता त्याचा रकाना कोरा ठेवावा, तसे ते होते. मग २०१४ आले आणि गेले. मुदतवाढ. २०१६ आले, पुन्हा मुदतवाढ. पुढे ट्रम्प सरकारने २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्याला तालिबानशी करार केला: चौदा महिन्यांत, म्हणजे १ मे २०२१ पर्यंत, आम्ही जातो. त्या करारावर अफगाण सरकारची सहीच नव्हती! घराच्या मालकाला बाहेर उभे करून भाडेकरू आणि दरोडेखोर यांनी आपसांत किल्ली ठरवली. शिवाय अफगाण सरकारने पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडावेत, हेही परस्पर ठरले. बायडेन आले आणि त्यांनी १४ एप्रिल २०२१ ला नवी तारीख दिली: ११ सप्टेंबर. का? तर न्यूयॉर्कच्या हल्ल्याला वीस वर्षे होतात म्हणून. माझ्यासारख्या कारकुनाला ही तारीख ऐकताच शंका येते. जी तारीख भाषणात शोभते ती कामाची नसते. आमच्याकडेही एखादी योजना २ ऑक्टोबरला किंवा १९ डिसेंबरला सुरू व्हायची असली, की आम्ही ओळखतो, फीत कापली जाईल, नळाला पाणी येणार नाही. शिवाय ती ऐन लढाईच्या दिवसांतली तारीख. अफगाणिस्तानात हिवाळ्यात लढाई मंदावते, हे अमेरिकेला वीस वर्षांत कळले नसेल असे नाही. पुढे तारीख ३१ ऑगस्टवर आली. जुलैच्या सुरुवातीला बग्रामचा प्रचंड तळ रातोरात सोडला, आणि तिथल्या अफगाण अधिकाऱ्याला ते निघून गेल्यावर कळले.

त्याहून मला जे जास्त झोंबले ते वेगळेच आहे. अमेरिकेसाठी काम केलेल्या अफगाण दुभाष्यांना व्हिसा देण्याची योजना २००९ पासून होती. म्हणजे यादी करायची बुद्धी त्यांना झाली होती, आपल्याला झाली नव्हती. पण त्या अर्जाला चौदा टप्पे होते. चौदा! कायद्याने नऊ महिन्यांची मुदत घातली होती आणि अर्ज वर्षानुवर्षे पडून असत. ज्याच्या हाताखाली काम केले त्या साहेबाचे पत्र हवे. साहेब नोकरी सोडून गेलेला. कंपनीचा दाखला हवा. कंपनी बंद पडलेली. २०२१ च्या उन्हाळ्यात असे अठरा हजारांच्या आसपास अर्ज पडून होते, बायकामुले वेगळीच. हे वाचले तेव्हा मी माझ्या टेबलाकडे पाहिले. माझ्या टेबलावर पडून राहिलेल्या अर्जाने कोणी मरत नाही. फार तर कोणाचे घर दोन पावसाळे रखडते. पण टेबल सारखेच असणार. पंखा, पाण्याची बाटली, उजव्या हाताला गठ्ठा, आणि 'एक कागद कमी आहे' म्हणून अर्ज परत करणारा माझ्यासारखाच कोणीतरी, जो दुष्ट मुळीच नाही. जेवणाचा डबा घेऊन येतो, पाचला घरी जातो.

शेवटच्या पंधरवड्यात अमेरिकेने सव्वा लाखाच्या आसपास माणसे विमानांनी बाहेर काढली, हे खरे. ते लहान काम नव्हे. पण २६ ऑगस्टला विमानतळाच्या दारात स्फोट झाला, तेरा अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून अधिक अफगाण मेले. जे मेले ते कागद हातात धरून रांगेत उभे होते. ३० ऑगस्टला रात्री बारा वाजायला एक मिनिट असताना शेवटचे विमान उडाले. तारीख पाळली! या जगात पाळलेली तारीख पाहायला मिळणे विरळाच, आणि मिळाली तर ती अशी.

तारखेच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा असा असतो, की तारीख सांगितली म्हणजे शत्रू दबा धरून बसतो. ऐकायला बिनतोड वाटते. पण शत्रूला तारखेची गरज काय? तो त्याच डोंगरात जन्मलेला. परका आज ना उद्या जाणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. माहीत नसते ते दुभाष्याला, शिक्षिकेला, पोलिसात भरती झालेल्या पोराला. त्यांना साहेब सांगत असतो, 'आम्ही आहोत'. तारखेचा खरा उपयोग त्यांना आहे. मुलीला कुठे पाठवायचे, घर विकायचे की नाही, दाढी वाढवायला कधी लागायचे, हे त्यांना ठरवायचे असते. तारीख लपवून शत्रूला फसवता येत नाही. फसतात ती आपली माणसे.

इराकचे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते, ते मी टाळत नाही. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने परतीचे वेळापत्रक घातलेला ठराव मंजूर केला, बुश यांनी तो १ मे रोजी नकाराधिकाराने फेटाळला. वर्ष-दीड वर्षात त्याच बुश यांनी इराकी सरकारशी करार करून ३१ डिसेंबर २०११ ही तारीख मान्य केली! ती पाळली गेली, आणि जून २०१४ मध्ये मोसुल 'इसिस'च्या हाती पडले. अमेरिकेला परत जावे लागले. तारीखवाल्यांचा हा पराभव म्हणून दाखवतात. माझे म्हणणे एवढेच, की ती तारीख इराकी लोकांनी मागून घेतली होती. मागण्याचा त्यांना हक्क होता, जसा प्रेमदासांना होता. मोसुलमधले सैन्य पळाले ते तारखेमुळे नव्हे. कागदावरचे सैनिक जागेवर नव्हतेच, आणि जे होते त्यांना त्या शहराने कधी आपले मानले नव्हते. हे रोग २०११ मध्ये होते, २००८ मध्येही होते. अमेरिकी सैन्य तिथे असताना ते झाकलेले होते, बरे होत नव्हते.

आणि रशियनांकडे पाहा. सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तानात काय काय केले, ते सांगायला नको. पण निघताना त्यांनी १४ एप्रिल १९८८ ला जिनिव्हात करार केला, नऊ महिने घेतले, पहिल्या तीन महिन्यांत निम्मे सैन्य काढले आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव आमूदर्यावरचा पूल ओलांडून चालत गेला. सगळ्या जगाने भाकीत केले, की काबूलचे नजीबुल्ला सरकार काही आठवडे टिकेल. टिकले तीन वर्षे! मार्चमध्ये जलालाबादला मुजाहिदांना त्याने स्वतःच्या सैन्याच्या बळावर थोपवले. कारण सैन्य गेले तरी धान्य, डिझेल, दारूगोळा, क्षेपणास्त्रे, पैसा येत होता. १९९२ च्या जानेवारीपासून ते बंद झाले आणि एप्रिलमध्ये सरकार पडले. २०२१ मध्ये उलट झाले. सैन्याबरोबर विमाने दुरुस्त करणारे हजारो कंत्राटी कामगारही निघाले. अफगाण हवाई दलाकडे विमाने राहिली, पान्हा धरणारा राहिला नाही. 'सैनिक' या शब्दात कोण कोण येते, हे दोह्याच्या कागदावर कोणी मागच्या बाकावरून वाचले असते तर!

तेव्हा मला कोणी विचारले (विचारणार नाही, पण समजा), तर मी म्हणेन, तारीख ठरवावी, आणि मुदतवाढ देऊ नये. पण तारीख ही फाइलीतली शेवटची नोंद असावी, पहिली नव्हे. आधी यादी यावी, की आपण गेल्यावर कोणाच्या दारावर थाप पडणार आहे. नावानिशी, बायकामुलांसकट. त्यांच्या प्रवासाची, राहण्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली होणार, ते यावे. आपल्यामागे पगार, धान्य, सुटे भाग कोण पुरवणार आणि किती वर्षे, तेही यावे. एवढे झाल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेत तारीख भरावी. उशीर होईल, हे मान्य. पण त्या उशिराला निदान कारण तरी असेल, आमच्या शेडसारखा तो नुसताच साचलेला नसेल. आणि यादीच करायची तयारी नसेल, तर सैन्य पाठवायच्या कागदावर सही करू नये.

मामांना हे सगळे सांगून पाहिले होते, त्या दिवशी गोठ्यात. ते ऐकत होते की नाही, कोणास ठाऊक. शेवटी म्हणाले, "यादीत तेचं नाव काय घातलं असतंस? आमी तेला 'छोटू' म्हणायचो. खरं नाव विचारलंच न्हाई."

तो फोटो मामींनी मला दिला. परत येताना बसमध्ये उलटून पाहिला तर मागे निळ्या शाईने तामिळमध्ये दोन ओळी लिहिलेल्या आहेत, शाई जराशी पसरली आहे. वास्कोला रेल्वेत असलेले एक तामिळ गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.